टीबी की सारकॉइड? एक्सरे सारखाच, औषध मात्र उलटं

आमच्या काकूंना कोरडा खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरलेलं, आणि एक्सरेत छातीत गाठी. आपल्याकडे एवढं दिसलं की टीबीच म्हणतात, आणि त्यात फार चूक पण नाही, टीबी आहेच आपल्याकडे तेवढा, पण सारकॉइडोसिसमध्ये (थोडक्यात सारकॉइड, प्रतिकारशक्तीच बिघडून अंगात गाठी होतात तो आजार) पण डिट्टो हेच होतं ना. एकेटी (टीबीच्या गोळ्यांचा कोर्स) सुरू झाली, लघवी केशरी झाली (ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरायचं नाही), ताट-वाटी वेगळी केली जी टीबीतही करायची गरज नसते, आणि चार महिन्यांनी गाठी आहेत तिथेच.

मग फरक कळणार कसा? टीबीत जंतू असतो, 1882 मध्ये कॉखने दाखवलेला, तो सीबीनॅटमध्ये (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) किंवा कल्चरमध्ये (नमुन्यातून जंतू वाढवून बघणं) सापडला की विषय संपला. सारकॉइडला असा जंतू सापडलेला नाही, तो का होतो हेच अजून नक्की माहीत नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण जंतू सापडला नाही म्हणजे टीबी नाही असंही म्हणता येत नाही, गाठीतल्या टीबीत जंतू मुळात कमी असतात, घोळ होतो तो इथेच.

म्हणून घशातून दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढतात, त्याला ईबस म्हणतात. टीबीच्या गाठीत मधोमध पनीरच्या चुऱ्यासारखा मेलेला भाग दिसतो, सारकॉइडची गाठ बहुतेक वेळा आतून घट्ट, न कुजलेली. तुकडा सुईच्या टोकाएवढा, त्यात नेमका तो भाग आलाच नाही तर पुन्हा संशय आहेच. मॅनटूला (हातावर कातडीत सुई देऊन करतात ती टीबीची टेस्ट) टीबीत सुईची जागा सहसा फुगते, सारकॉइडमध्ये बरेचदा सपाट. एसीई टेस्टवर (सारकॉइडमध्ये वाढणारं रक्तातलं एक एन्झाइम) मी तरी फार भरवसा ठेवणार नाही, टीबीत पण वाढू शकते.

सगळ्यात फसवं म्हणजे सारकॉइड बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं, तेव्हा एकेटी चालू असली की श्रेय तिला जातं आणि टीबीचा शिक्का पक्का. उलट टीबीला सारकॉइड समजून नुसतं स्टेरॉइड (सारकॉइडचं औषध) दिलं तर प्रतिकारशक्ती दबते आणि जंतूला रान मोकळं, त्यामुळे डॉक्टर आधी टीबीकडे झुकतात ते मला पटतं, फक्त तुकडा तपासायच्या आधी गोळ्या नकोत.

काकूंचा तुकडा शेवटी सारकॉइडचा निघाला, कॅल्शियमही वाढलेलं, कारण या गाठी स्वतःच डी व्हिटॅमिन ॲक्टिव्ह करतात आणि त्याने कॅल्शियम चढतं, आणि या बाई थकवा जावा म्हणून दर रविवारी दुधातून डीची पुडी घेत होत्या, स्टेरॉइडच्याही आधी डॉक्टरांनी ती बंद केली.