एकदा जहाज फिरवलं की समुद्र साफ? पाणसुरुंगांबद्दलचा एक जुना गैरसमज

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज असा, की सुरुंग काढणारं जहाज एकदा फिरलं की कॉम्प्युटर सांगतो, रस्ता 100 टक्के मोकळा.

वाटणं साहजिक आहे, कारण शेत नांगरलं की नांगरलंच ना. पण पाणसुरुंग सगळेच धक्का लागून फुटत नाहीत, काही तळाशी पडून जहाजाचं चुंबकत्व किंवा इंजिनाचा आवाज ओळखतात, आणि त्यातल्या काहींत मोजणी असते, म्हणजे पहिली चार जहाजं मुकाट जाऊ द्यायची नि पाचव्याला फुटायचं. मग एका फेरीत काहीच झालं नाही यावरून काय कळणार?

म्हणून प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर "साफ" म्हणतच नाही, ते शक्यता काढतं. समजा एका फेरीत 80 टक्के सुरुंग सापडतात, तर उरले 20, दुसऱ्या फेरीत त्या 20चे 80 टक्के गेले, उरले 4. तिसरीनंतर 0.8. शून्य कधीच नाही, मोबाइलवर करून बघा. आणि हा हिशोबसुद्धा जरा उदारच, कारण चिखलात रुतलेला सुरुंग सोनारला (ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्राला) पहिल्या फेरीत दिसला नाही तर तिसऱ्यातही बहुतेक दिसत नाही. ट्रेनिंगच्या सिम्युलेटरवर खरं तर हेच शिकवतात, कुठे थांबायचं आणि उरलेला धोका किती पत्करायचा.

अजून एक खात्री करायची असेल तर उत्तर समुद्र किंवा बाल्टिकचे नौकानयनाचे नकाशे बघा, महायुद्धातल्या सुरुंगांच्या जागांवर अजून सूचना असतात: वरून जा, पण नांगर टाकू नका.