जरब कुणाला, ड्रेजरला?

दक्षिण चीन समुद्रातलं मिस्चीफ रीफ हे प्रवाळाचं कडं भरतीला पाण्याखाली जायचं. १९९५ मध्ये चीनने तिथे खांबांवर मचाणं उभारली, ती म्हणे मच्छीमारांच्या आसऱ्यासाठी. आज तिथे लढाऊ विमानं उतरू शकतील अशी धावपट्टी आहे. २०१३ च्या अखेरीपासून दोनेक वर्षांत स्प्रॅटली बेटसमूहातल्या अशा सात ठिकाणी मिळून सुमारे १३ चौरस किलोमीटर भराव पडला.

काम केलं कटर सक्शन ड्रेजरांनी, म्हणजे समुद्रतळ कापून उपसणाऱ्या जहाजांनी. त्यातलं ‘त्यान चिंग हाओ’ १२७ मीटर लांब, उपसा तासाला ४,५०० घनमीटर. फिरतं दातेरी डोकं प्रवाळ फोडतं, पंप चुरा पाण्यासकट ओढतो, तरंगता पाइप तो कड्यावर ओततो. वाळू बसते, उरलेलं पाणी बारीक गाळ घेऊन समुद्रात परततं. तो गाळ प्रवाळावर साचला, की प्रवाळाला अन्न पुरवणारं शैवाल उजेडाविना निकामी होतं. ज्या जिवाच्या सांगाड्यांतून ती वाळू झाली, तोच मरतो.

ही वाळू नदीच्या वाळूसारखी नसते. चुन्याची, सच्छिद्र आणि टोकदार. वजन पडलं की कण चुरतात आणि जमीन कमीजास्त खचते. म्हणून धावपट्टीआधी भराव कसून दाबावा लागतो. तीच वाळू न धुता काँक्रीटमध्ये गेली, तर मिठाने सळई गंजून फुगते आणि काँक्रीट तडकतं. धुवायला गोडं पाणी हवं, आणि बेटावर नेमका त्याचाच तुटवडा.

एवढा खटाटोप कशाला? पृथ्वी गोल आहे आणि रडारला क्षितिजापलीकडचं दिसत नाही म्हणून. रडारच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून ४.१ ने गुणलं, की क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. २५ मीटरच्या मनोऱ्याला वीसेक किलोमीटर, ९,००० मीटरवरच्या विमानाला जवळपास ३९०. धावपट्टीची खरी किंमत ही.

या कड्यावर दावा सांगणाऱ्या फिलिपिन्सने २०२२ मध्ये आपल्याकडून ब्राह्मोस क्षेपणास्त्र घ्यायचा करार केला. पल्ला २९० किलोमीटर, वेग ध्वनीच्या २.८ पट, म्हणजे पल्ला गाठायला पाचेक मिनिटं. युद्धनौकेला त्याची जरब बसेल. पण वाळू ओतणाऱ्या ड्रेजरवर किंवा पाण्याचा फवारा मारणाऱ्या चिनी तटरक्षक नौकेवर ते डागणार कोण? डागणाराच युद्ध सुरू करणारा ठरतो. २०१६ मध्ये हेगच्या लवादाने मिस्चीफ रीफ फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रात असल्याचा निवाडा दिला. चीनने तो धुडकावला.

मनिलाचा उपाय साधा आहे. १९९९ मध्ये त्यांनी दुसऱ्या महायुद्धातली ‘सिएरा माद्रे’ ही जुनी नौका मिस्चीफ रीफजवळच्याच सेकंड थॉमस शोल या उथळ कड्यावर मुद्दाम रुतवली. ती गंजून जाळी झाली आहे, पण नौदलात अजून दाखल आहे. तिच्यावर हल्ला झाला, तर अमेरिकेशी १९५१ मध्ये झालेला संरक्षण करार लागू होतो. म्हणून चीनने नौकेला हात लावला नाही, तिची रसद अडवली. जून २०२४ मध्ये अशाच झटापटीत एका फिलिपिनी नौसैनिकाचा अंगठा तुटला. अध्यक्ष मार्कोस यांनी ते कृत्य जाणूनबुजून केलेलं म्हटलं. सशस्त्र हल्ला मात्र म्हटलं नाही.