इन्सिपियंट वेटनेस आणि वेट इम्प्रेग्नेशन: धातू राहतो कशामुळे?

घन उत्प्रेरकांवरच्या प्रबंधांत ‘उत्प्रेरक वेट इम्प्रेग्नेशनने तयार केला’ हे वाक्य सर्रास आढळते, आणि पुढचा तपशील वाचला की प्रत्यक्षात इन्सिपियंट वेटनेस इम्प्रेग्नेशन केल्याचे दिसते. धातूच्या क्षाराचे द्रावण सच्छिद्र सपोर्टमध्ये (धातूला आधार देणाऱ्या घन पदार्थात) मुरवायचे, वाळवायचे आणि कॅल्साइन करायचे, म्हणजे उच्च तापमानाला भाजायचे, हा क्रम दोन्हींत सारखाच आहे. इन्सिपियंट वेटनेसमध्ये रंध्रे भरतील एवढेच द्रावण घेतात, वेट पद्धतीत त्याहून बरेच जास्त, हेही बहुतेकांना ठाऊक असते.

घोटाळा होतो तो धातू सपोर्टवर कशामुळे राहतो, या प्रश्नावर. इन्सिपियंट वेटनेसमध्ये द्रावणाला बाहेर जायला वाटच नसते, त्यामुळे क्षार पृष्ठभागाला चिकटो वा न चिकटो, द्रावणातला सगळा धातू उत्प्रेरकात उतरतो. वेट पद्धतीत जास्तीचे द्रावण गाळून टाकले, तर पृष्ठभागाने धरलेला आणि रंध्रांतल्या द्रावणात उरलेला धातूच काय तो हाती लागतो. सपोर्ट म्हणून वापरल्या जाणाऱ्या गॅमा अ‍ॅल्युमिनाचा पृष्ठभाग साधारण 8 सामूला प्रभाररहित असतो आणि त्याहून आम्लधर्मी द्रावणात धनप्रभारित होतो. म्हणून क्लोरोप्लॅटिनिक आम्लातला प्लॅटिनमचा ऋण आयन तो ओढून घेतो, पण निकेल नायट्रेटच्या द्रावणातला धन आयन दूर ढकलतो, आणि गाळलेल्या हिरव्या द्रावणाबरोबर बहुतेक निकेल निघून जाते. तरीही तक्त्यात ‘5% निकेल’ हा हिशेबातलाच आकडा छापला जातो, हे मला अक्षम्य वाटते. गाळले असेल, तर उत्प्रेरकातला धातू आयसीपीने (मूलद्रव्यांचे प्रमाण मोजणाऱ्या प्लाझ्मा-विश्लेषणाने) मोजलाच पाहिजे. गाळण्याऐवजी द्रावण आटवले तर धातू टिकतो खरा, परंतु त्यातला काही कणांच्या बाहेरच्या अंगावर आणि फ्लास्कच्या भिंतीवर जमतो. म्हणून ‘गाळले’ की ‘आटवले’ हे स्पष्ट लिहावे.

अ‍ॅल्युमिनावरच्या निकेलसाठी मी इन्सिपियंट वेटनेसच पसंत करतो. 10 ग्रॅम सपोर्टवर 5% निकेलसाठी सुमारे 2.6 ग्रॅम निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट लागते. त्यात जवळजवळ 1 ग्रॅम स्फटिकजलच असते. तेव्हा रंध्रांच्या आकारमानाएवढे पाणी क्षारावर ओतू नये, तर तयार द्रावणाचे एकूण आकारमान तेवढे करावे. रंध्रांचे हे आकारमान नायट्रोजन अधिशोषणाच्या (रंध्रांत नायट्रोजन वायू किती धरला जातो, त्यावरून केलेल्या मोजणीच्या) अहवालातून थेट उचलणेही चुकीचे आहे, कारण ती मोजणी मोठी रंध्रे आणि कणांमधल्या फटी धरत नाही. त्याऐवजी तोललेल्या कोरड्या सपोर्टमध्ये ब्युरेटने थेंबथेंब पाणी सोडून ढवळत राहावे आणि भुकटी ओलसर होऊन गोळे धरू लागेल, त्या क्षणाचे वाचन घ्यावे.