आओगाशिमाला जायचंय? बुकिंगच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी, जपानच्या टूरला जोडून आओगाशिमा करता येईल का असं बरेच जण विचारतात. बहुतेकांनी तो ड्रोनने काढलेला फोटो बघितलेला असतो, समुद्रात हिरवागार ज्वालामुखी आणि त्याच्या पोटात अजून एक छोटा ज्वालामुखी. करता येतं, नक्की येतं, पण हे बेट काय आहे ते समजून घ्या आणि मगच पैसे भरा अशी विनंती, म्हणून हे पत्रक.

बेट टोकियोच्या दक्षिणेला साधारण ३६० किमीवर, भर पॅसिफिकमध्ये, पण कारभार टोकियोचाच, गाड्यांच्या नंबर प्लेटवर सुद्धा टोकियोतलं शिनागावा लिहिलेलं असतं. क्षेत्रफळ जेमतेम ६ चौरस किमी, वस्ती १७० च्या आसपास, आणि तरी स्वतःचा सरपंच, निवडून आलेले सदस्य, गावाचं ऑफिस सगळं आहे, सगळ्या जपानात सर्वात कमी लोकसंख्येचं गाव म्हणून याची नोंद आहे. शाळा नववीपर्यंतच, त्यामुळे पोरं पंधरा वर्षांची झाली की पुढच्या शिक्षणासाठी बेट सोडतात.

आकार कसा, तर परातीत वाटी उपडी ठेवल्यासारखा. परातीचा काठ म्हणजे बाहेरचा डोंगर, त्यावरचं सर्वात उंच टोक ओतोन्बू, ४२३ मीटर, तिथून खाली मारुयामा नावाची टेकडी पूर्ण दिसते. गाव उत्तरेच्या बाजूला काठावर वसलंय. बीच नाही, चारही बाजूंना सरळसोट कडे आहेत. बंदरात लाटा एवढ्या असतात की मच्छीमार आपल्या होड्या पाण्यात ठेवतच नाहीत, तारेला लटकवून वर उचलून घेतात, हे बघायला मिळालं तर जरूर थांबून बघा. नदी नाही, प्यायचं पाणी पावसाचं, उतारावर काँक्रीट करून त्यावर पडलेलं पाणी साठवतात, तेव्हा आंघोळीला नळ सोडून ठेवू नका प्लीज.

आता इतिहास, आणि आमच्या मते या बेटाची खरी ओळख हीच. १७८० नंतर भूकंप सुरू झाले, मग स्फोट, आणि १७८५ ला सर्वात मोठा उद्रेक झाला. तेव्हा बेटावर ३२७ माणसं होती. ७० एक किमीवरच्या हाचिजोजिमा बेटावरून होड्या आल्या, २०० च्या आसपास लोक वाचले, बाकीचे १३० हून जास्त आओगाशिमावरच मेले. बेट रिकामं झालं. वाचलेले लोक हाचिजोजिमावर दुसऱ्यांच्या आसऱ्याने राहिले पण परत जायचं कोणी सोडलं नाही, पुन्हा पुन्हा होड्या निघायच्या, वादळात भरकटायच्या, माणसं बुडायची, राखेने भरलेली जमीन परत लागवडीला आणायची म्हणजे सुद्धा वर्षं लागणार. शेवटी सासाकी जिरोदायू नावाच्या प्रमुखाने नीट प्लॅन करून लोकांना टप्प्याटप्प्याने परत आणलं आणि १८३५ ला जमिनीची मोजणी होऊन पुनर्वसन पूर्ण झालं, म्हणजे उद्रेकानंतर ५० वर्षांनी. जे तरुणपणी निघाले त्यातल्या किती जणांनी आपलं घर परत बघितलं असेल, विचार करा. पुढेही बेट दूरच राहिलं, दळणवळणाची सोय नव्हती म्हणून इथल्या लोकांना संसदेच्या निवडणुकीत पहिलं मत द्यायला १९५६ साल उजाडलं.

ज्वालामुखी अजूनही जागृत धरतात, १७८५ नंतर फुटलेला नाही पण खाली उष्णता आहेच. विवरात जमिनीतून गरम वाफ येते, तिला तिथे हिंग्या म्हणतात, या वाफेवर सार्वजनिक सौना चालतो, समुद्राच्या पाण्याचं मीठ बनतं आणि बाहेर वाफेच्या पेट्या ठेवल्यात त्या कोणीही वापरू शकतो. रताळी, बटाटे, अंडी आत ठेवायची, झाकण लावायचं, वाफेचा व्हॉल्व उघडायचा, बस. शाकाहारी मंडळींनी हे लक्षात ठेवाच, कारण घरगुती लॉजमध्ये जेवण तिन्ही वेळचं मिळतं पण मासे असतातच आणि सूपमध्ये पण माशाचा अर्क असतो, आधी सांगितलं तर आम्ही तिथे कळवतो, तरी सोबत थेपले, चटणी, सत्तू काहीतरी असू द्या. हॉटेलं नाहीत, किराणा दुकान एकच.

पोचायचं कसं? टोकियोच्या हानेदावरून विमानाने हाचिजोजिमा, साधारण तासाभरात, तिथून बोटीने ३ तास किंवा ९ सीटच्या हेलिकॉप्टरने २० मिनिटं. हेलिकॉप्टर दिवसातून एकदाच, बुकिंग महिनाभर आधी उघडतं आणि भराभर संपतं. बोट लाटांवर अवलंबून, कॅन्सल होणं नेहमीचंच, आणि जूनमधल्या धुक्यात हेलिकॉप्टर पण अडकतं. म्हणून आम्ही आओगाशिमाच्या पुढे किमान २ दिवस मोकळे ठेवल्याशिवाय बुकिंग घेत नाही, भारतात परतायचं विमान दुसऱ्याच दिवशी असेल तर स्पष्ट नाही म्हणतो, यात घासाघीस करू नका. राहायची जागा कन्फर्म झाल्याशिवाय निघायचं नाही, तंबूत राहायचं असेल तरी गावाच्या ऑफिसची परवानगी आधी लागते. कॅश पुरेशी घ्या, सामान कमी ठेवा, चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच.

चौकशीला येताना पासपोर्टची कॉपी, घरातल्या सगळ्यांची वयं, खाण्याची पथ्यं आणि बोट लागते का एवढं लिहून आणा, मग तारखा बघू.