गाण्याला नाव, बॅकग्राउंडला काम: सिनेमा, मालिका आणि गेमच्या संगीतकाराचा धंदा कसा घडला

ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यात मालिकांचे सेट लागतात. खाडीपलीकडे नवी मुंबईत ‘लुडो किंग’ बनवणाऱ्या गेमेशनसारखी गेम कंपनी आहे. या दोन्हींच्या मधल्या इमारतींत कितीतरी फ्लॅटमधली एक खोली संगीताची असते. कॉम्प्युटर, कीबोर्ड, दोन स्पीकर, एक माइक आणि दार बंद. आत बसलेला माणूस चाल बांधतो, अरेंज करतो, वाजवतो, रेकॉर्ड करतो आणि मिक्सही करून पाठवतो. पूर्वी ही पाच माणसांची कामं होती. ती एकाच खुर्चीत कशी आली आणि पैसे मात्र त्या प्रमाणात का आले नाहीत, याला नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा. प्रभातच्या या चित्रपटाचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्रही तेच. संगीत नाटकातून आलेल्या माणसाला हे नवं नव्हतं. त्या काळात गाणं कॅमेऱ्यासमोरच गायचं, वादक चौकटीबाहेर बसायचे आणि संगीतकार कंपनीचा पगारी माणूस असायचा. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायन आणलं. त्याने आवाज चित्रापासून सुटला आणि रेकॉर्डिंग हा स्वतंत्र व्यवहार झाला. पुढे कंपन्या मोडल्या, पगार गेला, करार आला.

करारात नाव असायचं ते चाल देणाऱ्याचं. मधले म्युझिक पीस आणि व्हायोलिनचं नोटेशन अरेंजर लिहायचा. त्यात गोव्याहून आलेली, चर्चमध्ये स्टाफ नोटेशन शिकलेली मंडळी मोठ्या संख्येने होती. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली ठळक नावं. पोस्टरवर मात्र ती क्वचितच दिसली. बॅकग्राउंडची, म्हणजे पार्श्वसंगीताची गत आणखी वेगळी. गाणी शूटिंगच्या आधी तयार होतात, बॅकग्राउंड सगळं एडिट झाल्यावर, म्हणजे प्रदर्शनाची तारीख आणि संपत आलेलं बजेट दोन्ही डोक्यावर असताना. ते काम बरेचदा सहायकांकडेच जायचं.

काम मात्र काटेकोर होतं. एक हजार फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने सुमारे ११ मिनिटं चालतं. रीळ पडद्यावर लावायचं, स्टॉपवॉच घेऊन कुठे सुरू, कुठे बंद हे लिहायचं, प्रत्येक तुकड्याला एम-१, एम-२ असे नंबर द्यायचे, आणि वादकांनी पडद्याकडे बघत वाजवायचं. लय फ्रेममध्ये मोजली जायची. १२ फ्रेमला एक ठोका म्हणजे मिनिटाला १२०. आज टीव्हीचं काम २५ फ्रेमवर होतं, तिथे १२ फ्रेमचा ठोका १२५ वर येतो. हे न बघता १२० वर पीस बांधला, तर एक ठोका साडेबारा फ्रेमचा होतो. कट पूर्ण फ्रेमवरच असतो, त्यामुळे दर दुसरा ठोका अर्ध्या फ्रेमवर पडतो. एकट्या कटावर हे कळत नाही. ठोक्यागणिक कट असलेल्या मॉन्टाजमध्ये मात्र काहीतरी ‘बसत नाही’ असं दिग्दर्शक म्हणतो, आणि कारण कुणालाच सापडत नाही.

बॅकग्राउंड हेच मुख्य काम मानणारे थोडे होते. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजेकडे शिकून आलेले वनराज भाटिया त्यातले. जाहिरातीच्या जिंगल, समांतर सिनेमा आणि १९८८ मध्ये टीव्हीवरचं ‘भारत एक खोज’, असा त्यांचा पल्ला. राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत यांना नियमितपणे वेगवेगळं पारितोषिक मिळू लागलं ते २००९ सालच्या चित्रपटांपासून. इतका उशीर झाला, यावरून या कामाची पत काय होती ते समजावं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण संगीतकाराच्या पोटापाण्याचा प्रश्न टीव्हीने सोडवला तो खासगी वाहिन्यांच्या काळात. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली आणि शीर्षकगीत ही स्वतंत्र कला झाली. अशोक पत्कींची ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’ ही शीर्षकगीतं मालिका संपल्यावरही लोकांच्या तोंडी राहिली. आता तेच गीत पूर्ण लांबीचं बनवून घेतात आणि रोजच्या प्रक्षेपणात काही सेकंदांवर उरकतात.

दैनंदिन मालिकेने खरा बदल केला तो बॅकग्राउंडमध्ये. रोज वीस-बावीस मिनिटांचा भाग, आणि एडिट हातात आल्यावर कधी एक रात्र, कधी काही तास. प्रत्येक प्रसंगासाठी नवं वाजवणं शक्यच नसतं. म्हणून सुरुवातीलाच बँक करून ठेवतात: मुख्य पात्रांच्या थीम, आणि प्रत्येक थीमचं दुःखाचं, लाडाचं, संशयाचं, संकटाचं रूप, शिवाय दोन-तीन सेकंदांचे स्टिंग, म्हणजे धक्का देणारे छोटे तुकडे. पुढे बॅकग्राउंड लावणारा वेगळा माणूस त्यातून वेचून भागावर बसवतो. बँक करणाऱ्याने त्याचा विचार केला नाही तर दोघांचेही हाल. एक थीम काळी एकमध्ये आणि पुढची पांढरी दोनमध्ये, म्हणजे शेजारच्याच सुरात असेल, तर दोन पीस जोडताना सांधा किरकिरतो. त्यामुळे सगळी बँक एकाच षड्जावर, फार तर त्याच्या मध्यम-पंचमावर ठेवतात. दुसरी गोष्ट संवादाची. बोलणं स्पष्ट कळतं ते मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यामुळे, आणि बासरी-सारंगीची धारही तिथेच असते. म्हणून प्रत्येक पीसची लीड वाद्याशिवायची एक प्रत लागतेच. ती दिली नाही, तर लावणारा पूर्ण पीसचाच आवाज खाली ओढतो आणि मेहनतीने केलेलं सगळं पुसट होतं.

मालिकेसाठी द्यायची फाइल ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ म्हणून वाजली, तर पीस जवळजवळ ९ टक्के वेगाने पळतो आणि जवळजवळ दीड पट्टी (सेमीटोन) चढा लागतो. लाडाची थीम माकडचाळ्यांची वाटायला लागते.

हे सगळं घरी करता येऊ लागलं ते यंत्रांमुळे. कीबोर्ड आणि कॉम्प्युटरना एकमेकांशी बोलायला लावणारी मिडी १९८३ ची. १९९२ च्या ‘रोजा’नंतर सिंथ-सॅम्पलरवर बांधलेला आवाज सगळ्यांना हवा झाला आणि प्रोग्रामर नावाचा माणूस अरेंजरच्या जागी बसला. १९९६ मध्ये व्हीएसटी प्लगइन, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम आले आणि तीन वर्षांत वाद्यंही प्लगइनच्या रूपात मिळू लागली. साठ-सत्तर वादकांच्या हॉलचा खर्च वाचला, वादकांचं कामही गेलं. मग ठाणे-बेलापूरच्या फ्लॅटमध्येही स्टुडिओ होऊ शकला.

फक्त खोली ही अडचण राहिली. १० बाय १० फुटांच्या खोलीत ५६ हर्ट्‌झच्या आसपासचा बास दोन्ही दिशांनी साचतो, कारण लांबी-रुंदी सारखीच. त्यातही बरोबर मध्यावर बसलं तर तोच बास कमी ऐकू येतो, माणूस तो वाढवतो, आणि चॅनलच्या स्टुडिओत मिक्स घुमतं. उपाय असा: समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांच्या आसपास बसायचं, आणि कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत निदान ४ इंच जाडीचं ४८ घनतेचं (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल कापडात शिवून उभं करायचं. अंड्याचे ट्रे लावून बासला काहीही होत नाही, हे एकदाचं लिहून ठेवायला हवं. पावसाळ्यात तबल्याची पुडी ओल धरते आणि सूर उतरत राहतो. टेकच्या तासभर आधी एसी लावून खोली कोरडी करतात आणि टेक सुरू होताना बंद करतात.

गेमचं संगीत या सगळ्यापासून लांब, वेगळ्याच वाटेने वाढलं. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चारच सुरांची फेरी होती, पण शत्रू कमी होत जातील तशी ती वेग घ्यायची. खेळणाऱ्याच्या कृतीवर संगीत बदलतं, ही कल्पना तिथेच होती. १९८३ च्या फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या गेम यंत्रात आवाजाचे पाच चॅनल: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज, एक सॅम्पलचा. तेवढ्यात चाल, बास आणि ताल बसवावा लागे. १९९१ मध्ये लुकासआर्ट्सने ‘मंकी आयलंड २’ मध्ये आयम्यूज वापरलं, ज्यात प्रसंग बदलला की संगीत योग्य जागी वळण घेई. आज तेच काम एफमॉड आणि वाइज या सॉफ्टवेअरमध्ये करतात.

सिनेमात दृश्य किती लांब ते आधी ठरलेलं असतं. गेममध्ये खेळणारा एकाच जागी पाऊण तास अडकू शकतो, म्हणून लूप. १०० च्या लयीत चार मात्रांचे १६ बार म्हणजे ३८.४ सेकंद. तेवढाच तुकडा कापून दिला तर शेवटच्या सुराचा रिव्हर्ब (मागे रेंगाळणारा घुमारा) तुटतो आणि प्रत्येक फेरीला धक्का ऐकू येतो. लूप दोनदा वाजवून दुसरी फेरी कापायची, म्हणजे पहिलीचं शेपूट तिच्या सुरुवातीला येतं. फाइल एमपी३ नको, कारण ती सुरुवातीला किंचित शांतता घालते आणि सांध्यात फट पडते. ऑग चालते. मोबाइलच्या स्पीकरवर २०० हर्ट्‌झखालचं जवळपास काहीच येत नाही, तेव्हा बासची ओळ महत्त्वाची असेल तर ती एक सप्तक वरही हलकी ठेवावी.

आपल्या तालांत काम करायचं तर आणखी एक हिशेब असतो. झपतालाच्या १० मात्रा १२० च्या लयीत ५ सेकंद घेतात. समेवरच वळायचं ठरवलं तर राक्षस समोर आल्यावर लढाईचं संगीत पाच सेकंद उशिरा येऊ शकतं. २-३-२-३ विभागांच्या सुरुवातीला, म्हणजे १, ३, ६, ८ या मात्रांवर वळणं ठेवली, तर जास्तीत जास्त दीड सेकंद थांबावं लागतं आणि ताल मोडल्यासारखा वाटत नाही.

पैशाची बाजू मात्र तंत्राइतकी भरभर सरकली नाही. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निर्मात्याने पैसे देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता ठरू शकला, आणि एकरकमी बिदागी हीच रीत पक्की झाली. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या कॉपीराइट दुरुस्तीने ती मोडली. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजणं सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला करारानेही सोडता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटीचा अपवाद सोडून. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची अशी सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी २०१७ मध्ये झाली.

मालिकेचं बॅकग्राउंड टीव्हीवर वाजतं तेव्हा हा हक्क लागू होतो, पण वसुलीला क्यू शीट लागते: भागाचा क्रमांक, पीसचं नाव, सेकंद, संगीतकार. बँकेतल्या फाइलला ‘सॅड ३ फायनल’ असं नाव असेल, तर लावणारा शीटमध्ये काय लिहिणार? त्यामुळे फाइलच्या नावातच पीसचं नोंदवलेलं नाव आणि आपली आद्याक्षरं घालतात, आणि शीट कोण भरणार हे करारात लिहून घेतात. दुरुस्तीची वाक्यं चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्याबद्दल आहेत, गेमचा त्यांत नावाने उल्लेख नाही. म्हणून गेमच्या करारात तीन गोष्टी वेगळ्या मांडाव्या लागतात: पुढच्या भागात किंवा दुसऱ्या गेममध्ये तेच संगीत वापरलं तर किती, जाहिरातीत वापरलं तर किती, आणि साउंडट्रॅक अल्बम म्हणून काढायचा हक्क कोणाकडे.