मानसशास्त्राचे महाविद्यालयीन शिक्षण
वर्तन व मानसिक प्रक्रिया यांचा पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरील अभ्यास.

हा विषय तत्त्वज्ञान विभागातून केव्हा वेगळा झाला, याविषयी एकमत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म व्हुंट (१८३२–१९२०) याची जर्मनीतील लाइपसिक येथील १८७९ ची प्रयोगशाळा हा सामान्यतः प्रारंभ धरतात. तथापि त्या साली विद्यार्थ्यांचे स्वतंत्र प्रयोग सुरू झाले, इतकेच. विद्यापीठाची औपचारिक मान्यता १८८३ च्या सुमाराची दिसते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स (१८४२–१९१०) याने हार्व्हर्ड विद्यापीठामध्ये त्याआधीच, सु. १८७५ मध्ये, वर्गातील प्रात्यक्षिकांसाठी उपकरणांची खोली ठेवली होती. संशोधनाच्या इतिहासात व्हुंटचा दावा बळकट ठरतो. अध्यापनाच्या इतिहासात मात्र जेम्सची खोली डावलता येत नाही. हार्व्हर्डमध्येच स्टॅन्ली हॉल याला १८७८ मध्ये मिळालेली डॉक्टरेट या विषयातील अमेरिकेतील पहिली समजली जाते. मेरी कॅल्किन्स हिला मात्र प्रबंध व परीक्षा पूर्ण करूनही केवळ स्त्री म्हणून हार्व्हर्डने पदवी नाकारली. १९०५ मध्ये ती अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेची अध्यक्ष झाली.

अभ्यासक्रमावर प्रयोगशाळेचा ठसा अद्याप आहे. सामाजिक, विकासात्मक, अपसामान्य (मनोविकारांविषयीचे) इ. शाखांबरोबर संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि स्मरण, अवधान, प्रतिक्रियाकाल यांवरील प्रात्यक्षिके असतात. दुसऱ्याच्या मनातले ओळखता येईल या अपेक्षेने आलेल्यांची संख्याशास्त्राशी पडणारी गाठ बहुधा अनपेक्षित असते.

व्यवसायाच्या वाटांपैकी चिकित्सा मानसशास्त्र (मानसिक अडचणींचे निदान व उपचार) सर्वांत परिचित. लायटनर विटमर याने १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले. तेथील आरंभीचा रुग्ण शुद्धलेखनात अडणारा एक शाळकरी मुलगा होता. म्हणजे या शाखेचे मूळ मनोरुग्णालयाइतकेच शाळेतही शोधावे लागते. या शाखेच्या प्रशिक्षणाविषयी अमेरिकेत बोल्डर येथे १९४९ मध्ये भरलेल्या परिषदेने चिकित्सक हा संशोधकही असावा, अशी भूमिका घेतली. व्हेल या गावी १९७३ मध्ये भरलेल्या परिषदेने संशोधनाऐवजी प्रत्यक्ष उपचारावर भर देणाऱ्या, व्यवसायप्रधान डॉक्टरेटला मान्यता दिली. दोहोंतील वाद मिटलेला नाही.

केवळ पदवीवर उपचार करण्याचा अधिकार सहसा मिळत नाही. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील सराव आणि बहुतेक ठिकाणी नोंदणी लागते. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर असल्याने औषधे देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला काही मोजके प्रदेश वगळता ती मुभा नसते. समुपदेशन, शालेय, औद्योगिक, क्रीडा व न्यायसहायक मानसशास्त्र या अन्य शाखा होत. अनेक पदवीधर मनुष्यबळ विभाग, बाजार-संशोधन, अध्यापन किंवा समाजकार्य यांकडे वळतात.