शॉकअप कधी बदलायचे? मीटरला विचारू नका

स्टुटगार्टजवळ नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी हौसेने एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. १९९६ ची, दोन सीटांची, छप्पर हाताने मागे लोटायचं. या गाडीची पहिली पिढी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये अवतरली आणि हलक्या, परवडणाऱ्या स्पोर्ट्स कारचा जवळजवळ बसलेला धंदा तिने पुन्हा उभा केला. वजन जेमतेम एक टन, चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक वर-खाली नेणारे दोन-दोन आडवे हात. मला हेवा वाटला, हे कबूल.

परवा त्याचा मेसेज आला : "मामा, मीटरवर १,३०,००० झालेत. इथे सगळे म्हणतात ८०,००० ला शॉकअप बदलायचे. पण गाडी मस्त कडक आहे, अजिबात डुलत नाही. बॉनेट दाबून बघितलं, लगेच थांबते. मग उगाच खर्च कशाला?"

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या पुण्यातल्या एका कारखान्यात, चाचणी विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे एवढ्याशा मेसेजमध्ये मला तीन गैरसमज दिसले : किलोमीटरचा, कडकपणाचा आणि बॉनेट दाबण्याचा. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावेना, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नावच फसवं आहे. धक्का झेलतात ते टायर आणि स्प्रिंग. पण स्प्रिंग फार प्रामाणिक असते, घेतलेली ऊर्जा जवळपास सगळी परत करते. गाडी नुसत्या स्प्रिंगवर उभी केली, तर एका गतिरोधकानंतर ती पुढच्या चौकापर्यंत डुलत राहील. ही परत येणारी ऊर्जा गिळून तिची उष्णता करणं हे शॉकअपचं काम. इंग्रज त्याला 'डँपर' म्हणतात, ते जास्त बरोबर. शाळेच्या पुस्तकातला शब्द अवमंदन. बंपरला टांगलेली लिंबू-मिरची पाहा. गाडी थांबल्यावरही ती बराच वेळ हेलकावत राहते, कारण तिला थांबवायला हवेशिवाय कोणी नाही. अवमंदन कमी असलं की काय होतं, हे दाखवण्यापलीकडे तिचा गाडीला काही उपयोग मला आजवर आढळलेला नाही. तरी ती दर शनिवारी न चुकता बदलली जाते.

शॉकअपच्या पोटात असतं ते पिचकारीचंच तत्त्व. नळी, तेल आणि दांड्याच्या टोकाला भोकं असलेला दट्ट्या. पिचकारी हळू दाबली तर सहज चालते, जोरात दाबली तर हाताला भारी लागते. नुसतं भोक ठेवलं तर विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट वेग, चौपट विरोध. अशा गाडीत हळू डुलताना लगाम नसता आणि खड्ड्यात दांडाच वाकला असता. म्हणून भोकांवर स्प्रिंग-पोलादाच्या पातळ चकत्यांची चळत बसवतात. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि वाट मोठी होते. कोणत्या जाडीच्या किती चकत्या आणि कोणत्या क्रमाने, यावर गाडीचा अर्धा स्वभाव ठरतो.

आता माझा आवडता भाग. शॉकअप आपल्या पाठीसाठी असतो, असं बहुतेकांना वाटतं. स्पोर्ट्स कारमध्ये तो मुख्यतः टायरसाठी असतो.

एक टनाची गाडी म्हणजे प्रत्येक चाकावर साधारण २५० किलो. यातलं चाक, हब, ब्रेक वगैरे धरून ३० किलो स्प्रिंगच्या खाली, बाकी २२० किलो वर. या वरच्या भागाची डुलण्याची वारंवारता सेकंदाला दीडएक. ही आपल्याला जाणवते. पण खालचं ३० किलोचं चाकसुद्धा एका स्प्रिंगवर उभं आहे. ती स्प्रिंग म्हणजे हवा भरलेला टायर, आणि ती वरच्या स्प्रिंगच्या कितीतरी पट ताठ. एक मिलिमीटर दाबायला सुमारे २०० न्यूटन, म्हणजे वीस किलोंचा भार. त्यामुळे चाक स्वतःच्या लयीत सेकंदाला तेरा-चौदा वेळा थरथरू शकतं.

इथे एक साधा भागाकार करा. २५० किलो भागिले वीस. साडेबारा मिलिमीटर! उभ्या गाडीचं टायर स्वतःच्या भाराने फक्त एवढंच दबलेलं असतं. चाक रस्त्याच्या तुलनेत करंगळीच्या रुंदीएवढं वर उचललं गेलं, की टायर आणि डांबर यांचा संबंध संपला. तेवढ्या क्षणापुरतं स्टिअरिंग नाही आणि ब्रेकही नाहीत.

आता ताशी ६० किलोमीटरने धावताना रस्त्यावर सव्वा-सव्वा मीटरवर लाटा आहेत असं समजा. सेकंदाला सुमारे साडेतेरा ठोके, म्हणजे नेमकी चाकाची लय. झोपाळ्याला वेळेवर झोका देत राहिल्यासारखं हे आहे. लाटा अगदी क्षुल्लक धरू, सरासरी पातळीच्या पाच मिलिमीटर वर आणि पाच खाली. अशा गाडीला शोभेल असं अवमंदन नव्या शॉकअपचं असेल, तर माझ्या ढोबळ गणिताने टायरचं दबणं साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास कमी-जास्त होतं. साडेबारापेक्षा कमी, त्यामुळे टायर टेकलेलं राहतं. शॉकअपचा जोर निम्मा झाला, की तोच आकडा सोळावर जातो. टायर सेकंदाला तेरा वेळा हवेत, आणि वर बसलेल्या माणसाला फक्त किंचित घरघर.

कोणी म्हणेल, टायर उचललं गेलं तरी पुढच्या क्षणी दुप्पट जोराने आपटतंच की! सरासरी भार तोच, मग पकडही तीच. इथेच गोम आहे. रबराची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, भार वाढेल तशी ती मागे पडत जाते. दुप्पट भाराला दुप्पटीपेक्षा कमीच पकड मिळते. म्हणजे कमी भाराच्या क्षणी गमावलेलं जास्त भाराच्या क्षणी पूर्ण भरून निघत नाही. सकाळी चार भाकऱ्या जास्त खाल्ल्या म्हणून रात्रीचा उपास सोसत नाही, तसंच. शिवाय वळणावर टायरला बाजूचा जोर धरायला थोडं अंतर लोळावं लागतं. दर वेळी उचललं जाणारं टायर हे काम पुन्हापुन्हा सुरुवातीपासून करतं. वळणात खडबडीत डांबर आलं की जुनी गाडी बाहेर सरकते ती यामुळे. (इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर साडेबारा मिलिमीटर तेवढे लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.)

मग बॉनेट दाबून काय कळतं? चाळीस किलोंचा जोर लावला तर अशा गाडीचा कोपरा दोनएक सेंटिमीटर दबतो आणि शॉकअपचा दट्ट्या सेकंदाला वीसएक सेंटिमीटरने सरकतो. चाक थरथरतं तेव्हा हाच वेग सेकंदाला मीटरभर असतो. एकाची परीक्षा घेऊन दुसऱ्याला पास करण्याचा हा प्रकार. त्यात सांध्यांतल्या जुन्या रबरी बुशांचं घर्षणही डुलणं थांबवायला हातभार लावतं. शॉकअप पार मेला असेल तर या चाचणीत सापडतो, आजारी असेल तर बहुतेकदा निसटतो.

शॉकअप आजारी पडतो तो हळूहळू. वरच्याच वेगाने धरलं, तर चाकाची एका किलोमीटरमागे आठशेच्या आसपास थरथर होऊ शकते. ८०,००० किलोमीटरला हा आकडा सहा कोटींच्या पुढे जातो. तेलातले लांब साखळीचे रेणू चकत्यांच्या फटीतून जाता-जाता तुटतात आणि तेल पातळ होतं. सील झिजतं. आणि गॅस निसटतो. गॅसबद्दल लोकांच्या भन्नाट कल्पना आहेत, 'गॅस शॉकअप' म्हणजे गाडी गॅसवर तरंगते वगैरे. तसं काही नाही. दट्ट्या वेगाने सरकला की त्याच्या मागे दाब कोसळतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसे तेलात बुडबुडे फुटतात. फेसाळलेलं तेल आधी दबतं आणि मग विरोध करतं, तोवर चाक खाली-वर होऊन मोकळं. हे टाळायला तेलावर नायट्रोजनचा दाब ठेवतात. एकाच नळीच्या शॉकअपमध्ये तो वीस-तीस वातावरणांएवढा असतो. बुर्सिए द कार्बाँ या फ्रेंच माणसाची ही कल्पना १९५० च्या दशकात बिलश्टाइन या जर्मन कंपनीने मर्सिडीजसाठी प्रत्यक्षात आणली. गॅस गेला की हळू दाबताना शॉकअप ठणठणीत वाटतो, पण झटपट थरथरीत नुसता फेस.

म्हणून ८०,००० हा आकडा तपासणीची आठवण म्हणून ठीक आहे, निकाल म्हणून नाही. गुळगुळीत ऑटोबानवरचे एक लाख किलोमीटर आणि आपल्या घाटातले तीस हजार यांची बरोबरी होत नाही.

आपल्याकडच्या एका खुळाबद्दलही सांगून टाकतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर सर्रास विकले जातात, 'शॉकअपचं आयुष्य वाढतं' म्हणून. गाडी थोडी उचलली जाते, गिऱ्हाईक खूश. पण स्प्रिंग जितकी ताठ, तितकं तिला आवरायला जास्त अवमंदन लागतं. थकलेल्या शॉकअपला आधीचंच ओझं झेपत नव्हतं, त्यात तुम्ही आणखी तगडा बैल त्याच्या हाती दिलात.

मग बघायचं काय? आधी टायर. अंगठा फिरवून पाहा. कडेने ठरावीक अंतरावर वाटीसारखे खळगे लागले, तर ते टायर नाचत चालल्याची खूण असू शकते. मग दांडा. त्यावर तेलाचा अगदी पुसट घाम असतोच, पण नळी ओली होऊन त्यावर धुळीचा चिखल बसला असेल तर सील गेलं. ब्रेक लावल्यावर नाक किती दबतं यावरून अंदाज बांधू नका. किती दबणार हे मुख्यतः स्प्रिंग आणि वजन ठरवतात, शॉकअप फक्त किती लवकर ते ठरवतो. आणि शक्य असेल तर मोजून घ्या. युरोपातल्या बऱ्याच गॅरेजांत थरथरणारी पाटी असते. ती चाकाला सेकंदाला पंचवीस ठोक्यांपासून हळूहळू शून्यावर आणते आणि सर्वांत वाईट क्षणी टायरवर मूळ भाराच्या किती टक्के उरतो ते सांगते. चाळीसच्या खाली आलं की विचार करायचा, वीसच्या खाली विचारही करायचा नाही. हलक्या गाडीला आणि ताठ टायरला हा आकडा मुळातच कमी येतो, म्हणून डाव्या-उजव्यातला फरक जास्त बोलका.

भाच्याने मोजून घेतलं. पुढे उजवं ४६, डावं २७. आता राहिला त्याचा 'मस्त कडक'.

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये चाकाला वर-खाली जायला जागा कमी. म्हणून दांड्यावर फोमचा बंप स्टॉप, म्हणजे तळाला आपटू न देणारी गादी, असते आणि थोड्याशा दाबातच ती कामाला लागते. जणू दुसरी स्प्रिंगच. तीस वर्षांत फोमचा भुगा होतो. थकलेला शॉकअप गाडीला आवरत नाही, ती पुन्हापुन्हा तळाला जाते आणि आता तिथे गादी नाही, धातू आहे. घरच्या मोठ्या गाडीत मेलेला शॉकअप बोटीसारखा डुलवतो. इथे तो पाठीत गुद्दे मारतो, आणि मालकाला वाटतं, काय स्पोर्टी गाडी आहे!

त्याला सांगितलं, चारही बदल, निदान एका धुरेवरचे दोन्ही तरी. बंप स्टॉप आणि वरचे रबरी माउंट त्याच वेळी, कारण मजुरी एकदाच पडते. स्प्रिंग स्वतः उघडू नकोस, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा नेते. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बघून घे.

काम झालं. जुने बंप स्टॉप हातात घेताच शिळ्या ढोकळ्यासारखे कुस्करले, म्हणाला. डाव्या शॉकअपचा दांडा आत दाबला तर आतच राहिला, बाहेर ढकलायला गॅसच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मेसेज : "मामा, यांनी चुकीचे बसवले वाटतं. गाडी मऊ झालीय. परत करू का?"